टेलपर्यंतचं पाणी

मामा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं नीरा उजव्या कालव्यावर गेली. भाची रक्तवाहिन्यांची सर्जन. मामांना पाच-सात मिनिटं चाललं की डाव्या पोटरीत गोळा येतो, जरा उभं राहिलं की जातो. तपासणीत मांडीतली मुख्य धमनी बंद असल्याचं दिसलं आणि एका रुग्णालयानं त्याच दिवशी स्टेंटच्या पॅकेजचा कागद हातात ठेवला. मामांनी कागदाची घडी घालून तो खिशात टाकला, मिळेल ते वाचून काढलं आणि निकाल दिला : शरीर स्वतःच बायपास काढतं, आपण मध्ये लुडबुड करू नये. भाचीला यातलं निम्मं मान्य आहे. उरलेल्या निम्म्यावर फलटणच्या घरी रविवारी दुपारी जी खडाजंगी झाली, ती अशी.

मामा : ही फिल्म खिडकीच्या काचेवर धर आणि मी बरोबर वाचतोय का सांग. जांघेतून ही जाड रेघ निघाली. मांडीच्या मध्यावर तुटली. पुढं वीतभर काहीच नाही. गुडघ्यामागं पुन्हा हजर. आणि मधल्या रिकाम्या जागेच्या दोन्ही अंगांनी या वेड्यावाकड्या बारीक रेघा. यांनीच खालची धमनी भरली ना?

भाची : अगदी बरोबर. तुटलेली दिसते ती मांडीची मुख्य धमनी. जांघेपाशी तिला एक खोल फांदी फुटते, ती ही. तिच्या उपफांद्या मांडीच्या स्नायूंना पोसतात आणि गुडघ्याभोवती धमन्यांचं जे जाळं असतं त्याला जाऊन मिळतात. एरवी या जोडण्यांना फारसं काम नसतं. तुमच्यात त्यांच्यावरच अख्खी पोटरी अवलंबून आहे. आम्ही यांना कोलॅटरल म्हणतो.

मामा : आता माझ्या भाषेत ऐक. मुख्य कालवा मध्ये बुजला. वरच्या बाजूच्या वितरिकेचं पाणी चाऱ्याचाऱ्यांतून फिरलं आणि खाली परत कालव्यात येऊन पडलं. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचतंय. मग तुझा स्टेंट कशाला?

भाची : टेलला पाणी पोचतंय हे खरं. पण टेलवरचे, सांगोल्याकडचे शेतकरी तुमच्या ऑफिसात यायचे ते पाणी पोचत नाही म्हणून, की पुरत नाही म्हणून?

मामा : दोन्ही म्हणून. पण विषय बदलू नकोस. जॉन हंटरचं काय करशील? लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल, डिसेंबर १७८५. घोडागाडी हाकणारा ४५ वर्षांचा माणूस, गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आलेला. त्या काळी अशा माणसाचा पाय कापायचे. हंटरनं मांडीतली धमनी सरळ दोऱ्यानं बांधून टाकली. पाय वाचला, माणूस चालत घरी गेला. बांधली कुठं, तर जिथं माझी बंद झालीय त्याच टापूत. त्या जागेला अजून हंटरचंच नाव आहे. म्हणजे तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस धमनी मुद्दाम बंद करतो, शरीरावर विसंबतो, आणि तुम्ही उघडायला निघता!

भाची : हंटर आमचा मूळ पुरुषच. रिचमंड पार्कमधल्या हरणाची मानेतली धमनी बांधल्यावर त्या बाजूचं शिंग गार पडलं आणि काही दिवसांनी परत कोमट झालं, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्टही सांगतात. तो गाडीवान सव्वा वर्षानं तापानं गेला. त्याच्या पायाचा नमुना लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये ठेवलेला आहे. पण हंटरपुढचा प्रश्न होता, पाय राहतो की जातो. तुमचा पाय राहणार आहे, हे मी आत्ताच लिहून देते. तुमचा प्रश्न आहे, मंडईतून भाजीची पिशवी घेऊन न थांबता घरी येता येईल का. शिवाय हंटरनं एका जागी गाठ मारली. तुमचा आजार एका जागेचा नाही. ज्या खोल फांदीच्या जिवावर तुम्ही बोलताय, तिच्या तोंडाशीही उद्या हीच चरबी साचू शकते.

मामा : आज तरी साचलेली नाही. आणि पुरण्याचं म्हणशील तर एका मोठ्या नळीच्या बदल्यात बारीक नळ्या भरपूर आहेत. हिशेब जुळतो.

भाची : तुम्हीच जुळवा. कालव्याचं मॅनिंगचं सूत्र बाजूला ठेवा. बंद नळी, संथ प्रवाह.

मामा : प्वाझॉयचा नियम. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे.

भाची : तो प्वाझॉय स्वतः डॉक्टर होता, आणि बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याच्या मागं तो लागला तो रक्तामुळंच. मूळ धमनी ६ मिलिमीटर धरा, पर्यायी २.

मामा : व्यास एक तृतीयांश. तीनाचा चौथा घात, म्हणजे ८१. दाब आणि लांबी सारखी धरली तर एका नळीच्या जागी ८१ नळ्या. आणि या तर वळसे घेत जातात, म्हणजे लांबीही जास्त.

भाची : फिल्मवर ठळक किती दिसतात?

मामा : पाच. सहा म्हण.

भाची : म्हणून बसल्या जागी तुम्हाला काही होत नाही. आरामात पोटरीला रक्त थोडंच लागतं, तेवढं या सहा जणी पुरवतात. चालायला लागलात की त्याच स्नायूची मागणी दहापट आणि त्याहून जास्त वाढते. सहा जणी तेवढं कुठून आणणार? म्हणून गोळा येतो. थांबलात की मागणी उतरते, गोळा जातो.

मामा : पण त्या रुंदावतात, नव्याही फुटतात! मी वाचलंय.

भाची : पायाच्या बाबतीत कामाला येतात त्या नव्या नव्हेतच, जन्मापासून असलेल्या जोडण्याच मोठ्या होतात. यावर जर्मनीत बाड नाउहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत वोल्फगांग शापर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप काम केलं. साधारण समज असा, की प्राणवायू कमी पडला म्हणून शरीर नवी वाट काढतं. पण बघा, उपासमार होते पोटरीची आणि रुंदावतात मांडीतल्या वाहिन्या, जिथं प्राणवायूची टंचाई नसतेच.

मामा : मग त्यांना कळतं कसं?

भाची : हे तुमच्याच खात्यातलं आहे. अडलेल्या जागेच्या वर दाब कायम, खाली दाब पडलेला. या फरकामुळं जोडण्यांतून रक्त जोरात धावायला लागतं आणि आतल्या अस्तराला घासत जातं. त्या घर्षणानं अस्तराच्या पेशी जाग्या होतात, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. जुनी भिंत थोडी मोडते आणि मोठ्या घेराची नवी बांधली जाते. याला दिवस, आठवडे लागतात.

मामा : वा! म्हणजे पाणी स्वतःच चारी कापून मोठी करतं. हवी तेवढी.

भाची : हवी तेवढी नाही, तिथंच मेख आहे. वाहिनी रुंद झाली की घर्षण कमी होतं, आणि घर्षण कमी झालं की बांधकाम थांबतं. खालच्या पोटरीचं भागलं की नाही, याची चौकशी कुणी करत नाही. म्हणून ही वाढ मूळच्या क्षमतेच्या बरीच अलीकडं अडते. प्राण्यांत धमनी मुद्दाम शिरेला जोडून घर्षण चढतं ठेवलं, तेव्हा याच वाहिन्या कितीतरी पुढं वाढल्या. म्हणजे कुवत असते. पण तुमच्या मांडीत असा शॉर्टकट कुणी काढून ठेवलेला नाही.

मामा : मग मी काढतो. चालायला लागलं की प्रवाह वाढतो, म्हणजे घर्षण वाढतं, म्हणजे बांधकाम पुन्हा सुरू. तुझ्याच तोंडून माझा मुद्दा सिद्ध झाला. मी रोज चालतो, माझा बायपास रोज मोठा होतो.

भाची : चालणं हा उपचार आहे, त्यावर आपलं भांडण नाही. १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला विश्रांतीसकट पाऊण तास नीट चाललेली माणसं पूर्वीच्या दीडपट, दुप्पट अंतर चालायला लागतात. पण त्याच माणसांच्या घोट्याचं ब्लडप्रेशर परत मोजलं तर ते फारसं हललेलं नसतं. बायपास मोठा झाला असता तर घोट्याचा दाब वाढायला नको होता का?

मामा : वाढायला हवा होता. मग अंतर कशानं वाढलं?

भाची : स्नायू सुधारतो. आलेल्या प्राणवायूचा नीट वापर करायला शिकतो, त्याच्या आतल्या केशवाहिन्या वाढतात, उरलेल्या धमन्यांचं अस्तर जास्त लवचीकपणे सैलावतं, चालण्याची ढब बदलते. तुमच्या भाषेत, कालव्याचं पाणी तेवढंच राहिलं, खाली ठिबक बसवलं.

मामा : पीक निघालं ना? मग पाणी वाढलं की ठिबक बसलं, मला काय करायचंय?

भाची : करायचंय. कारण तुम्ही पर्यायी वाटेच्या भरवशावर जे बाकीचं सोडून दिलंय, ते तिथं अडकतं. आधी हे सांगा, रोज चालता म्हणजे कसे चालता?

मामा : शिस्तीत. पोटरी भरून यायला लागली, की दुखायच्या आत कट्ट्यावर बसतो. उगाच शरीराशी भांडायचं नाही.

भाची : आणि तेच चुकतं. अमेरिकेत ३०५ रुग्णांवर याचीच परीक्षा घेतली, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका गटानं दुखेपर्यंत चालायचं, दुसऱ्यानं दुखणार नाही इतकंच चालायचं, तिसऱ्यानं काहीच वेगळं करायचं नाही. वर्षभरानं दुखेपर्यंत चालणारे पुढं गेले. जपून चालणारे मात्र काहीच न करणाऱ्यांच्या बरोबरीला राहिले.

मामा : म्हणजे माझी कट्ट्यावरची शिस्त फुकट?

भाची : फिरणं म्हणून चांगली, पोटरीसाठी जवळजवळ फुकट. गोळा चांगला जोरात येईपर्यंत चालायचं, मग थांबायचं, पूर्ण गेला की पुन्हा. या दुखण्यानं पायाचं नुकसान होत नाही. छातीत काही झालं तर मात्र तिथंच थांबायचं. म्हणून आधी हृदयाची तपासणी.

मामा : घुसलीच शेवटी हृदयात! दुखतंय पोटरीत आणि तुम्ही लोक गोळ्या देता हृदयाच्या. कोलेस्टेरॉलची एक, रक्त पातळ करायची एक. पोटरी सुधारतेय चालून. मी दोन्ही बंद केल्यात.

भाची : माहितीये, मामीनं सांगितलं. आता तुम्हाला आकड्यांत सांगते. तुमच्यासारखी चालताना पोटरी दुखणारी १०० माणसं घ्या आणि पाच वर्षं थांबा. सत्तर-ऐंशी जणांचा पाय जवळजवळ आहे तसाच राहतो. पाय जाण्याच्या धोक्यात येतात ते एक किंवा दोघं.

मामा : हेच तर मी म्हणतोय!

भाची : आणि त्याच १०० मध्ये साधारण वीस जणांना त्या पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होतो आणि ते त्यातून वाचतात. जे दगावतात ते वेगळे, आणि त्यातलेही बहुतेक हृदयामुळं. मांडीतली धमनी बंद झाली त्याचा अर्थ असा, की हाच गाळ मेंदूकडं आणि हृदयाकडं जाणाऱ्या धमन्यांतही आहे असं धरून चालावं. पायाला तरी आडवाट मिळाली. त्या गोळ्या पायासाठी नाहीत, मामा. तुमचा पाय मी सोडून दिलाय. मी उरलेल्या माणसाबद्दल बोलतेय.

मामा : हे त्या पॅकेजवाल्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. मला म्हणाले, उद्याच ॲडमिट व्हा, नाहीतर पाय जाईल.

भाची : ते चूक होतं. नुसत्या चालतानाच्या दुखण्यासाठी उद्याच ॲडमिट व्हायची वेळ सहसा येत नाही.

मामा : म्हणजे तूही मला स्टेंट घाल म्हणणार नाहीस?

भाची : आज नाही. अमेरिकेतच १११ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, तीही पोटाच्या खालच्या मोठ्या धमन्यांच्या, म्हणजे जिथं स्टेंट चांगला बसतो अशा रुग्णांवर, देखरेखीखाली चालणाऱ्यांनी सहा महिन्यांत ट्रेडमिलवरचा वेळ स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वाढवला. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. स्टेंटवाल्यांना आयुष्य अधिक सुखाचं वाटलं, हेही त्यातच आहे, ते मी लपवत नाही. तुमची जागा मांडीतली. तिथली धमनी प्रत्येक पावलाला वाकते, पिळवटते, त्यामुळं स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची भीती जास्त. आणि कधीकधी स्टेंट ज्या जागेवर बसतो, तिथूनच एखादी पर्यायी वाट निघालेली असते. तिचं तोंड झाकलं जातं. पुढं तो स्टेंट अचानक बंद पडला, तर माणूस पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत येतो.

मामा : हे लिहून दे, त्या कागदामागंच. मग निसर्गावर विसंबायचं एवढंच ठरलं की!

भाची : निसर्गावर कुणी विसंबू नये, त्याचा नमुना घरातच आहे. मामी, जरा इकडं येऊन आडवी हो बरं. मामांचा घोट्याचा हिशेब झालाय, आता तुझा.

(भाचीनं बॅगेतून हातात मावणारं, रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं डॉपलर काढलं. दंडाला पट्टा, मग घोट्याच्या वर पट्टा. पायाच्या वरच्या बाजूला गार जेलीचा ठिपका, त्यावर पेनासारखी कांडी. मामांच्या उजव्या पायात लागोपाठ दोन-तीन हिश्शांचा खणखणीत ठोका ऐकू आला होता, डाव्यात एकच दमलेला ‘हुस्स’. दंडाचा दाब १५०, डाव्या घोट्याचा ९३, भागाकार ०.६२. उजव्याचा ०.९६. मामींचा आता दंड १४०, घोटा २१०.)

मामा : १.५! बघ. बारा वर्षं साखर आहे तिला, पण पायाचं प्रेशर माझ्या दुपटीहून जास्त. शिवाय पोटरी कधी दुखत नाही. घरातला धडधाकट पाय तो.

भाची : घरातला सगळ्यात काळजीचा पाय तो. हा भागाकार साधारण १ ते १.४ हवा, ०.९ किंवा खाली गेला तर अडथळा. पण १.४ च्या वर गेला तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती इतकी कडक झालीय, की पट्टा फुगवून दाबली जात नाही. आकडा दाबाचा नाही, कडकपणाचा आहे. आत रक्त किती जातंय ते यातून कळतच नाही. त्यासाठी अंगठ्याचा दाब मोजायला लागेल. तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

मामा : पण दुखत नाही ना तिला?

भाची : मामी, चप्पल नवी घेतलीस का? अंगठ्याच्या खाली हे काय?

(अंगठ्याच्या बुंध्याशी चवलीएवढा फोड, वरची कातडी पांढरी, कडेला लाली. मामी उठून बसल्या आणि वाकून पाहू लागल्या. त्यांना पत्ता नव्हता.)

भाची : न दुखण्याचं कारण हे. साखरेनं मज्जातंतू बधिर झालेत, म्हणून पाय ओरडत नाही. दुसरं, मधुमेहात गाळ बहुधा गुडघ्याखाली बसतो. तिथं घोट्याकडं जाणाऱ्या तीन धमन्या, आणि त्याच एकमेकींच्या कोलॅटरल. तिघीही आजारी पडल्या, तर वळसा घालायला उरतं काय? शिवाय साखरेत ते घर्षणानं होणारं बांधकामही मंदावतं. तुमच्या मांडीत खोल फांदी तरी शाबूत आहे.

मामा : फोड लहान आहे.

भाची : फोड लहानच असतो. नुसती कातडी जिवंत ठेवायला जेवढं रक्त लागतं, त्याच्या कितीतरी पट जखम भरायला लागतं. पर्यायी वाट पहिल्या कामाला पुरते आणि दुसऱ्याला कमी पडते. तिथंच बोटं जातात. उद्या सकाळी मामी माझ्याबरोबर पुण्याला येतेय. तोवर ही चप्पल बंद.

मामा : बरं. पण वाटा कमी असतील तर वाढवता येत नाहीत का? इंजेक्शननं नव्या रक्तवाहिन्या उगवतात, असं परवा वाचलं.

भाची : फार वर्षं आशा होती, अजून काम चालू आहे. वाहिन्या वाढवणाऱ्या द्रव्याचं जनुकच पायात टोचायचं, अशी एक मोठी चाचणी ५२५ रुग्णांवर झाली. अवस्था गंभीर, शस्त्रक्रिया शक्य नाही असे रुग्ण. २०११ ला निकाल आला. पाय कापण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पाण्याची इंजेक्शनं दिलेल्यांइतकंच निघालं. बारीक केशवाहिन्या उगवणं वेगळं आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत दाब टिकवून रक्त आणणारी वाहिनी घडणं वेगळं. म्हणून ‘बिनऑपरेशन ब्लॉकेज मोकळे’ अशी जाहिरात दिसली, की माझ्याआधी तुमच्या प्वाझॉयला विचारा.

मामा : आमच्या कालव्यावर एक पाटकरी होता. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आधी पायाची दोन बोटं काळी पडली, मग पाऊल गेलं. साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही. विडी मात्र सुटत नव्हती.

भाची : बर्जरचा आजार असणार. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आपल्याकडं तो बराच दिसतो. आणि तुमच्या सिद्धान्ताला सगळ्यात मोठा खोडा तोच घालतो. त्या रुग्णांच्या फिल्मवर बुच काढायच्या स्क्रूसारख्या पिळदार कोलॅटरल गच्च भरलेल्या असतात. बघून वाटावं, केवढी सोय! आणि तरी बोटं जातात. फिल्मवर वाटा दिसल्या म्हणजे पाय सुरक्षित, असं म्हणता येत नाही. तिथं खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. आता तुमची जेवणानंतरची ती ‘एकच’ सिगारेट.

मामा : मला बर्जर नाही.

भाची : नाही. पण तुमची धमनी बंद पडायला जी कारणं झाली, त्यात पहिला नंबर तिचाच. आणि उरलेल्या सहा वाटांचं अस्तर तीच खराब करतेय. एका हातानं चालून वाट राखायची आणि दुसऱ्या हातानं बुजवायची, हा कुठला निसर्ग?

मामा : सिगारेटचं बघू.

भाची : बघू नाही.

मामा : बरं, बंद. आता तू एक गोष्ट मान्य कर. तुम्ही डॉक्टर मंडळी धमनी दिसली की उघडायला धावता. पाय स्वतः काय करू शकतो, ते आधी अजमावत नाही.

भाची : नुसत्या चालतानाच्या दुखण्यात, होय. धावतो, आणि पुष्कळदा विनाकारण धावतो. पण दुसरी बाजूही ऐका. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला एका ८२ वर्षांच्या बाईच्या पायाला गँगरिन झालं होतं. सर्जन म्हणाले कापायला हवा; ती नाही म्हणाली. चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टनं मांडीतल्या धमनीत नळी सरकवून अरुंद जागा मोकळी केली. पाय गरम झाला, जखम भरली, आणि ती मरेपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. त्याआधी १९४८ मध्ये पॅरिसला झाँ क्युनलँनं रुग्णाचीच शीर काढून अडथळ्याला वळसा घातला. तिथंही शरीराला वेळ दिला होता. पर्यायी वाटांना जे जमलं नाही, ते हातानं करावं लागलं.

मामा : मग करार करू. गोळ्या सुरू. सिगारेट बंद. दुखेपर्यंत चालायचं, आठवड्यातून तीनदा. त्याबदल्यात तू स्टेंटचं नाव काढायचं नाहीस.

भाची : तीन महिने काढणार नाही. मग घोटा परत मोजू आणि न थांबता किती चालता ते बघू. तेवढ्यानं तुमचं भागत नसेल, तर चालण्याचं अंतर वाढवणारी एक गोळी आहे. हृदय कमकुवत असलेल्यांना ती देत नाहीत, म्हणून हृदयाचा रिपोर्ट आधी. त्यावरही अडलं, तर स्टेंट किंवा बायपास, पण तुम्ही म्हणाल तेव्हा. तीन गोष्टींपैकी एक जरी झाली, तर मात्र करार मोडला. पहिली, रात्री झोपेत पाऊल ठणकायला लागलं आणि पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटलं, तर. म्हणजे बसल्या जागचं रक्तही पुरेनासं झालं.

मामा : दुसरी?

भाची : दोन आठवड्यांत न भरणारी जखम. आणि हे दोन आठवडे फक्त तुम्हाला, मामीला एक दिवसही नाही.

मामा : तिसरी?

भाची : पाय अचानक दुखून पांढरा, गार, बधिर पडला, बोटं हलेनाशी झाली, तर. गुठळी येऊन एकदम अडलं असं समजायचं. तुमची धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली, म्हणून आडवाटांना तयार व्हायला वेळ मिळाला. अचानक अडलं की त्यांना आठवडे मिळत नाहीत आणि स्नायूकडं असतात जेमतेम सहा तास. तिथं चालून बघू नका, शेक देऊ नका, सकाळची वाट बघू नका.

मामा : आणि रात्री दोनला झालं तर?

भाची : रात्री दोनलाच निघायचं. मला फोन गाडीत बसल्यावर करा.